कोनी आयलंड : मोडलेली जत्रा परत कशी भरली?

खारा वारा (धागाकर्ता)

आईबाबा सध्या आमच्याकडे आलेत. स्वातंत्र्यदेवी, टाइम्स स्क्वेअर वगैरे उरकलं आणि गेल्या रविवारी त्यांना कोनी आयलंडला नेलं. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचं दक्षिण टोक, भुयारी रेल्वेच्या क्यू गाडीचा शेवटचा थांबा. तिथे गाडी खांबांवरून धावते, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात खिडकीतून आकाशपाळणा, रोलर कोस्टर आणि मागे समुद्र असं सगळं एकदमच समोर येतं. बाबा म्हणाले, "अरे, ही तर जत्राच की!"

खाली उतरल्यावर कळलं की पाळणा (वंडर व्हील) १९२० चा आहे आणि कोस्टर (सायक्लोन) १९२७ चा. बाबांचं आयुष्य बांधकाम खात्यात गेलेलं. त्यांचा पहिला प्रश्न : "समुद्राला लागून एवढी जागा, तिच्यावर शंभर वर्षांची यंत्रं, आणि कुणा बिल्डरने अजून गिळली कशी नाही?"

गिळायला निघाले होते. एकदा नव्हे, दोनदा. मी त्यांना अर्धवट काहीतरी सांगितलं, मग घरी येऊन दोन रात्री वाचत बसलो. ते इथे टाकतोय. चुकलं तर दुरुस्त करा.

नावात आयलंड असलं तरी आता ते बेट नाही, मधली खाडी बुजवत नेली. १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसन या माणसाने इथे उतरणीवरून घरंगळणारी गाडी सुरू केली. वेग ताशी सहा मैल, भाडं पाच सेंट. आपली रिक्षासुद्धा तिला ओव्हरटेक करील. पण अमेरिकेतला रोलर कोस्टरचा धंदा तिथून उभा राहिला. पुढे एकाला एक लागून तीन मोठी उद्यानं झाली : १८९७ चं स्टीपलचेस, १९०३ चं लूना पार्क आणि १९०४ चं ड्रीमलँड. घरोघरी वीज पोचली नव्हती त्या काळात लूना पार्कमध्ये अडीच लाख दिवे लागायचे.

या जागेला आगीचा शापच. १९०७ मध्ये स्टीपलचेस जळालं, तर मालक जॉर्ज टिल्यू याने दुसऱ्या दिवशी धुमसते अवशेष बघायला दहा सेंटांचं तिकीट लावलं! (हा माणूस आपल्याकडे असता तर निवडून आला असता.) त्याने उद्यान पुन्हा बांधलं. ड्रीमलँडचं मात्र तसं झालं नाही. २७ मे १९११, हंगाम सुरू व्हायच्या आदल्या रात्री 'नरकाचं दार' नावाच्या खेळात गळती बुजवायचं काम चालू होतं. दिवे गेले, अंधारात उकळत्या डांबराची बादली लवंडली आणि सकाळपर्यंत सगळं खाक. लूना पार्क १९४४ च्या आगीत संपलं. स्टीपलचेस १९६४ मध्ये बंद पडलं. ते कोणी जाळलं नाही, चालेना म्हणून.

१९६५ मध्ये ती जागा फ्रेड ट्रम्प यांनी घेतली. होय, डोनाल्ड ट्रम्प यांचे वडील. तिथे इमारती उठवायच्या होत्या. काचेच्या दर्शनी भिंतीचा तो प्रसिद्ध मंडप पाडताना त्यांनी १९६६ मध्ये चक्क पार्टी ठेवली आणि पाहुण्यांच्या हातात विटा दिल्या, काचा फोडायला. पण शहराने तिथे निवासी बांधकामाला परवानगी दिली नाही आणि जागा नुसती पडून राहिली.

पडझड झाली ती अशी. परत कशी भरली ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, आईने जेवायला बोलावलंय.

---

मधुमालती

वाचतेय. विटांची गोष्ट ठाऊक नव्हती. अंगावर काटा आला.

---

शेवटचा डबा

लेख छान, पण सगळं खापर ट्रम्पवर फोडणं सोपं पडतं. स्टीपलचेस त्यांनी घेण्याआधीच बंद पडलेलं होतं. खरं नाव घ्यायचं तर रॉबर्ट मोझेसचं घ्या. १९३८ मध्ये किनारा उद्यान खात्याच्या ताब्यात आला आणि हा गृहस्थ त्या खात्याचा प्रमुख. याला गोंगाट, भोंगे, सॉसेजचे गाडे, कशाचंच प्रेम नव्हतं. त्याच्या डोक्यातला किनारा म्हणजे त्यानेच लाँग आयलंडवर १९२९ मध्ये उघडलेला जोन्स बीच. तिथे मोटारीने जायचं, नीट पार्क करायचं, नीट पोहायचं, नीट घरी यायचं. ड्रीमलँडच्या जागेवर त्याच्याच कारकिर्दीत मत्स्यालय आलं, १९५७ मध्ये.

आणि मोटार हेच मोठं कारण. कोनी आयलंड भुयारी रेल्वेने मोठं केलं. १९२० च्या सुमाराला पाच सेंटांत गाडी, पाच सेंटांत हॉट डॉग, म्हणून त्याला 'निकलचं साम्राज्य' म्हणायचे. निकल म्हणजे पाच सेंटांचं नाणं. चाळवजा बिऱ्हाडांत आठ-आठ जणांत राहणारी माणसं रविवारी इथे श्वास घ्यायला यायची, एका दिवसात दहा लाखांवर. युद्धानंतर ज्यांच्या हातात पैसा आला त्यांनी मोटार घेतली, उपनगरात घर घेतलं, घरात टीव्ही आणि एअर कंडिशनर आला. उकाड्याने घराबाहेर पडायचं कारणच संपलं. उरले ते ज्यांना दुसरीकडे जाता येत नव्हतं.

---

खारा वारा

शेवटचा डबा, मान्य. ट्रम्प प्रकरण चटकदार म्हणून माझ्या हातून जास्त लिहिलं गेलं.

---

ओटीवरची

मी कोनी आयलंडपासून दोन स्टेशनांवर राहते, एकोणीस वर्षं झाली. या गोष्टीत कायम एक बाजू गळते म्हणून लिहितेय.

जत्रा कशी मोडली हे सगळे सांगतात. तिथे राहणाऱ्यांचं काय झालं ते कोणी सांगत नाही. पश्चिमेच्या टोकाला उन्हाळ्यापुरत्या राहायच्या छोट्या लाकडी बंगल्या होत्या. थंडीसाठी त्या बांधलेल्याच नव्हत्या. पन्नाशी-साठीच्या दशकांत शहराच्या इतर भागांतून हुसकलेली गरीब कुटुंबं बारा महिने तिथे भरली गेली. मग 'वस्ती खराब झाली' म्हणून ती घरं पाडली आणि सरकारी टॉवर उभे केले. टॉवर बांधून झाले तसा दुकानं, दवाखाने, नोकऱ्या यांतला जीव निघून गेला. लोक म्हणतात गुन्हेगारीमुळे कोनी आयलंड मेलं. आधी माणसांना कोंबलं, मग वाऱ्यावर सोडलं, आणि मग त्यांच्याकडेच बोट दाखवलं.

२९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आलं तेव्हा मी इथेच होते. तळघरातले बॉयलर आणि विजेची सामग्री खाऱ्या पाण्यात गेली. आमच्या मजल्याला अकरा दिवस वीज नव्हती, म्हणजे आम्ही नशीबवान. त्या सरकारी टॉवरांत म्हातारी माणसं विसाव्या मजल्यावर पाण्याशिवाय बसून होती, कारण पंप बंद आणि लिफ्ट बंद. आम्ही काही जणी जिन्याने बादल्या पोचवत होतो. पुढच्या वसंतात लूना पार्क वेळेवर उघडलं, टीव्हीवर टाळ्या वाजल्या. टॉवरांबाहेर मात्र ट्रकवरचे तात्पुरते बॉयलर त्यानंतर कैक हिवाळे धडधडत होते.

जत्रा परत भरली याचा मलाही आनंद आहे. मी दर वर्षी जाते. पण 'पुनरुज्जीवन' म्हटलं की मला ते बॉयलर ऐकू येतात.

---

पन्हं

ओटीवरची, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा. +१००

---

नाना नाखवा

आमच्याकडे एस्सेलवर्ल्ड २०२२ ला बंद पडलं तर कोणी दोन अश्रू गाळले नाहीत. शाळेची सहल, गोराईची बोट, डब्यातली बटाट्याची भाजी... सगळं गेलं. तिथे निदान लोक भांडले तरी.

---

टुकार_इंजिनिअर

नाना, सहलीत बोट लागलेले आपण एकटेच नव्हे. पण धागा गोराईला नेऊ नका, परत येत नाही तो.

यंत्रांबद्दल थोडं लिहितो, तो माझा विषय.

वंडर व्हील लांबून साधा पाळणा वाटतो, दीडशे फुटी. त्याला २४ डबे आहेत. त्यांतले फक्त आठ परिघाला पक्के बांधलेत. उरलेले सोळा आतल्या बाजूच्या वळणदार रुळांवर सुटे आहेत. चाक फिरतं तसे रूळ कलतात आणि एका क्षणी तुमचा डबा धाडकन आतून बाहेर घसरत जातो. बघणाऱ्याला वाटतं तुटला. पांढरे डबे स्थिर, लाल-निळे घसरणारे. रांगाही दोन वेगळ्या. चुकीच्या रांगेत उभे राहिलात तर मंडळी घरी येईपर्यंत बोलत नाहीत, स्वानुभव.

१९७७ मध्ये जुलैत अख्खं न्यूयॉर्क अंधारात गेलं तेव्हा हे चाक हाताने फिरवून लोकांना खाली उतरवलं होतं. तोल इतका नेमका साधलाय की ते जमू शकलं.

सायक्लोनला सगळे लाकडी कोस्टर म्हणतात. रूळ लाकडाच्या थरांचेच, पण सांगाडा पोलादी. पहिली उतरण ८५ फूट, जवळजवळ साठ अंशांची, वेग ताशी साठ मैलांपर्यंत. आकड्यांत आजच्या कोस्टरपुढे काहीच नाही. पण ब्रेक अजून माणूस ओढतो, लांब दांड्याने, फलाटावर उभा राहून. सत्तरच्या दशकात मत्स्यालयाला वाढायला जागा हवी म्हणून हा पाडायचा घाट होता. लोकांनी आरडाओरडा केला, १९७५ मध्ये शेजारचं उद्यान चालवणाऱ्या अ‍ॅस्ट्रोलँडवाल्यांनी चालवायला घेतला आणि डागडुजी करून पुन्हा सुरू केला. १९८८ मध्ये शहराने त्याला वारसा ठरवलं, पुढच्या वर्षी वंडर व्हीलला आणि पॅराशूट जंपला (उंच मनोऱ्यावरून छत्रीने खाली सोडायचा जुना खेळ).

बाबांना सांगा, बिल्डरने गिळलं नाही याचं एक कारण हा शिक्का. एकदा वारसा ठरलं की शहराच्या परवानगीशिवाय पाडता येत नाही आणि जागा बदलता येत नाही.

---

शेवटचा डबा

शिक्का वेळेवर पडला तर. १९२५ चा थंडरबोल्ट बघा. त्याच्या सांगाड्याखाली चक्क एक राहतं घर होतं, डोक्यावरून गाडी धडधडायची. १९८२ मध्ये बंद पडला, वेली चढल्या, वारसा ठरलाच नाही. २००० च्या नोव्हेंबरमध्ये शहराने पाडून टाकला. आज त्याच नावाचा नवा पोलादी कोस्टर आहे, २०१४ चा. नाव ठेवून माणूस बदलल्यासारखं.

---

मधुमालती

एक प्रश्न. आमच्या प्रसूतिगृहात मोठ्या डॉक्टरीणबाई सांगायच्या की अमेरिकेत म्हणे जत्रेत तिकीट लावून अपुऱ्या दिवसांची बाळं दाखवायचे. ते इथलंच का?

---

खारा वारा

जेवण झालं, झोपही झाली, आता निवांत.

मधुमालती, हो, इथलंच. मार्टिन कूनी नावाचा गृहस्थ. १९०३ पासून १९४३ पर्यंत कोनी आयलंडवर त्याचं प्रदर्शन चालू होतं. काचेच्या पेटीत, उबेत ठेवलेली इवली बाळं, तिकीट पंचवीस सेंट. ऐकून किळस येते. पण त्या काळात बहुतेक इस्पितळांत अशा बाळांसाठी ना पेट्या होत्या ना इच्छा. आईबापांकडून कूनी एक पैसा घेत नसे, दाया-नर्सांचा खर्च त्या तिकिटांतून निघायचा. साडेसहा हजारांवर बाळं जगवली असा त्याचा हिशेब होता. तो रीतसर डॉक्टर होता की नव्हता याबद्दलच शंका आहे! ड्रीमलँड जळालं तेव्हा तिथल्या पेट्यांतली बाळंही सुखरूप बाहेर काढली गेली. १९४३ मध्ये शहरातल्या इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी विभाग निघाला आणि याने दुकान मिटलं.

---

मधुमालती

माझी धाकटी एकतिसाव्या आठवड्यातली. अठ्ठावीस दिवस पेटीत होती, मी काचेला हात लावून बसायचे. आता बारावीला आहे. तो माणूस खोटा डॉक्टर असला तरी त्याला माझा नमस्कार सांगा.

---

खारा वारा

🙏

तर उरलेली गोष्ट. परत भरायला सुरुवात मोठ्या पैशाने झाली नाही, चिकट माणसांनी केली. डिनो वुर्देरिस हे ग्रीसहून आलेले गृहस्थ, हॉट डॉगचा गाडा लावायचे. तरुणपणी प्रेयसीला म्हणाले होते, माझ्याशी लग्न कर, तुला हा पाळणा घेऊन देतो. १९८३ मध्ये, सगळे इथून पळ काढत असताना, त्यांनी अडीच लाख डॉलरला वंडर व्हील खरंच विकत घेतलं. आजही ते त्याच घराण्याकडे आहे. त्याच वर्षी पहिली मत्स्यकन्यांची मिरवणूक निघाली. त्यामागे १९८० मध्ये सुरू झालेली कोनी आयलंड यूएसए ही छोटी कलासंस्था. तलवार गिळणारे, खिळ्यांवर झोपणारे, असले खेळ त्यांनी जिवंत ठेवले.

मग २००१ मध्ये स्टीपलचेसच्या जागेवर बेसबॉलचं मैदान आलं, २००५ पर्यंत स्टिलवेल अव्हेन्यूचं स्टेशन नवं झालं, आणि जागेला पुन्हा भाव आला. म्हणजे दुसरा गिळणारा आला. थॉर इक्विटीज या कंपनीने तुकडे तुकडे विकत घेत अ‍ॅस्ट्रोलँडची जागाही घेतली. चित्रांमध्ये लास व्हेगास दिसायचं. १९६२ पासून चालू असलेलं अ‍ॅस्ट्रोलँड सप्टेंबर २००८ मध्ये बंद झालं. तेव्हा बहुतेकांनी गंगाजळ पाजलं होतं.

२००९ मध्ये शहराने जमीनवापराचे नियम बदलले आणि थॉरकडून जवळपास सात एकर ९ कोटी ५६ लाख डॉलरला विकत घेतले. ती जागा एका इटालियन पाळणे बनवणाऱ्यांच्या कंपनीला चालवायला दिली आणि मे २०१० मध्ये नवं लूना पार्क उघडलं. बाबा, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर : शहराने स्वतः जमीन घेतली. आयत्या वेळी आणि चढ्या भावाने, पण घेतली.

---

नाना नाखवा

म्हणजे नफा झाला तो थॉरला. जमीन अडवून बसा, चार पाळणे बंद पाडा, मग शहरालाच विका. हे आम्ही इकडे रोज बघतो, त्यासाठी विमानाचं तिकीट कशाला?

---

ओटीवरची

नाना, वर्मावर बोट ठेवलंत. आणि कंपनी गेलेली नाही, आजूबाजूचे तुकडे अजून तिचे आहेत. त्यांवर जुगारखान्याचा प्रस्ताव आणला होता. आमच्या इमारतीत तेव्हा घराघरांत दोन तट. एक शेजारीण म्हणायची बारमाही नोकऱ्या मिळतील, माझ्या मुलाला उन्हाळ्यापुरतं तिकीट फाडून वर्षभर पोट भरायचंय का? तिचं चूक म्हणवत नव्हतं. पण ज्या वस्तीत महिनाअखेर उधारीवर जाते तिच्या दारात जुगार नको, असं माझं मत. सप्टेंबर २०२५ मध्ये स्थानिक समितीने तो फेटाळला. शेजारीण महिनाभर बोलत नव्हती, आता चकल्या मागायला येते.

---

काठपदर

मी फक्त मत्स्यकन्यांच्या मिरवणुकीबद्दल लिहिणार. जूनमधल्या शनिवारी असते, नाव नोंदवलं की कोणीही चालू शकतं. आम्ही पाच बायका एका वर्षी नऊवारी नेसून गेलो होतो. काष्टा घातला की पायांचं शेपूट होत नाही हे तिथे गेल्यावर लक्षात आलं! मग खालून चंदेरी कागदाचे खवले चिकटवले. सर्फ अव्हेन्यूवर एक आजी म्हणाली, तुम्ही कुठल्या समुद्राच्या? आम्ही एका सुरात : अरबी.

सँडीत त्या संस्थेचं फार नुकसान झालं, तेव्हा २०१३ ची मिरवणूक लोकांनी ऑनलाइन वर्गणी काढून केली, एक लाख डॉलरच्या वर. अगदी गणपतीची वर्गणी.

हंगाम उघडतो तेव्हा सायक्लोनच्या पहिल्या डब्यावर 'एग क्रीम' फोडतात. त्यात ना अंडं ना साय. दूध, सोडा आणि चॉकलेटचं सरबत. आपला नारळ, त्यांचं सरबत.

---

टुकार_इंजिनिअर

बोर्डवॉक राहिलाच की. किनाऱ्यालगतचा तो लाकडी फळ्यांचा रस्ता १९२३ चा. त्याआधी किनाऱ्यावर खाजगी कुंपणं होती, समुद्रात पाय बुडवायलासुद्धा न्हाणीघरवाल्यांना पैसे मोजावे लागत. शहराने कुंपणं हटवली, समुद्रातून वाळू उपसून किनारा रुंद केला आणि वर फळ्या ठोकल्या. म्हणजे आज आपण ज्या 'नैसर्गिक' वाळूवर चादर पसरतो तीही बांधलेली. अलीकडे काही तुकड्यांत फळ्यांऐवजी काँक्रीट घातलं. देखभाल सोपी, पण उन्हात पाय भाजतात आणि चालताना तो पोकळ आवाज येत नाही. शेवटी २०१८ मध्ये बोर्डवॉकलाही वारशाचा दर्जा मिळाला.

---

पन्हं

सगळं वाचलं. सुंदर धागा. पुढच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन येतेय. इतिहास वगैरे ठीक, तिथे शाकाहारी काय मिळतं?

---

खारा वारा

या प्रश्नाची वाटच बघत होतो. नेथन्समध्ये हॉट डॉग सोडून बटाट्याच्या जाड, नागमोडी कापलेल्या फ्राइज घ्या. १९१६ पासूनचं दुकान आहे. नेथन हँडवर्कर आधी फेल्टमनच्या मोठ्या उपाहारगृहात पाव कापायचा. तिथे हॉट डॉग दहा सेंटांना होता, याने शेजारी पाच सेंटांना लावला. फ्राइजबरोबर लाल प्लास्टिकचा इटुकला काटा मिळतो. आई तेवढे दोन काटे धुऊन पर्समध्ये घालून आली. तळण मात्र वेगळं असतं का ते सासूबाईंसाठी काउंटरवर विचारून घ्या.

---

ओटीवरची

आणि बोर्डवॉकवर उघड्यावर खाऊ नका. आमचे सीगल थेट हातातून नेतात, सासूबाईंचंही बघत नाहीत.